श्रीमंत देशांत समता येते कुठून? स्वीडनची पगारचिठ्ठी आणि अमेरिकेचा विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्वीडन, डेन्मार्कमध्ये श्रीमंतांवर जबर कर लावतात आणि तो पैसा गरिबांना देतात, म्हणून तिथे विषमता कमी. अमेरिका त्यांच्याइतकीच, किंबहुना जास्तच श्रीमंत. मग तिथे असं का होत नाही? सरकार खर्चच कमी करतं म्हणून, की लोकांची वृत्तीच वेगळी म्हणून?"

पेन्शन आणि आरोग्यविम्याचे पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचे हिशेब मांडण्यात माझी बहुतेक नोकरी गेली, आणि त्यातल्या बऱ्याच योजना युरोपातल्या होत्या. त्यामुळे उत्तर हिशेबाच्या बाजूने देतो. प्रश्नातलं पहिलं वाक्य मात्र आधीच दुरुस्त करावं लागेल. श्रीमंतांवर जबर कर ही नॉर्डिक, म्हणजे स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे अशा उत्तर युरोपातल्या देशांची खासियत नाही, तसे कर इतर देशांनीही लावून पाहिलेत. अमेरिकेत 1950च्या दशकात केंद्रीय आयकराचा सर्वांत वरचा दर 91 टक्के होता. नॉर्डिक देशांची खरी खासियत ही, की तिथे मध्यमवर्गावर जबर कर आहे आणि मध्यमवर्ग तो भरतो. का भरतो, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

आधी खर्चाचा गैरसमज बाजूला करू. श्रीमंत देशांची जी संघटना आहे, ओईसीडी, तिच्या आकडेवारीत सरकारी सामाजिक खर्च, म्हणजे पेन्शन, आरोग्य, बेकारभत्ता, मुलांसाठीची मदत वगैरे सगळं मिळून, फ्रान्समध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या वर जातो. स्वीडन 25 टक्क्यांच्या आसपास. अमेरिका वर्षानुसार 20 ते 23च्या दरम्यान. म्हणजे स्वीडन आणि अमेरिका यांच्यातलं अंतर लोकांना वाटतं तेवढं नाही. त्यात आणखी एक गोम आहे. स्वीडनमध्ये पेन्शनवर आणि आजारपणाच्या भत्त्यावर आयकर लागतो, म्हणजे सरकार एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने थोडं परत घेतं. अमेरिकेत उलट, कंपन्यांनी काढलेला आरोग्यविमा आणि त्यावरची करसवलत सरकारी खर्चात दिसतच नाही. हे सगळं जमेस धरून निव्वळ एकूण सामाजिक खर्च काढला, तर अमेरिका फ्रान्सच्या खालोखाल दुसऱ्या नंबरावर येते. हा आकडा ऐकवला की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "काहीतरी चुकतंय." चुकत काही नाही. पैसा खर्च होतोच, फक्त तो कोणाच्या हातून जातो आणि कोणाला मिळतो हे वेगळं आहे.

समतेकडे पाहिलं तर चित्र एकदम बदलतं. कर आणि सरकारी मदत यांच्या आधी, म्हणजे निव्वळ पगार, धंदा, व्याज एवढंच धरलं, तर विषमतेचा गिनी निर्देशांक अमेरिकेत 0.5च्या आसपास आणि स्वीडनमध्ये 0.43च्या आसपास असतो. शून्य म्हणजे सगळे समान, एक म्हणजे सगळं एकाच्याच घरात. कर आणि मदत धरल्यानंतर स्वीडन 0.28-0.29 पर्यंत खाली येतं, अमेरिका 0.39च्या जवळ अडकते. इटली सामाजिक खर्चात अमेरिकेच्या पुढे आहे, पण तिथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 16 टक्के एकट्या पेन्शनवर जातात. तरुण बेकाराला किंवा लहान मुलं असलेल्या घराला फारसं उरत नाही.

म्हणून हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे: खर्च किती होतो, आणि समता किती येते.

पहिल्याचं उत्तर बरंचसं कंटाळवाणं आहे. खर्च वाढतो तो मुख्यतः माणसं म्हातारी होतात म्हणून. जपानमध्ये 1980 साली 65 वर्षांवरची माणसं लोकसंख्येच्या 9 टक्के होती, आज 29 टक्के आहेत. सामाजिक खर्चाचं प्रमाण त्या काळात दुपटीहून वाढलं. कोणतंही जपानी सरकार अचानक उदार झालं नव्हतं. दुसरं कारण आरोग्यसेवा. गाड्यांच्या कारखान्यात माणशी उत्पादन वाढतं, नर्सचं तसं होत नाही, पण नर्सचा पगार मात्र इतरांच्या पगाराबरोबर वाढवावाच लागतो. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने हे 1960च्या दशकातच दाखवून दिलं होतं. तिसरं मंदी. 2009 साली बहुतेक सगळ्या देशांत सामाजिक खर्चाचं प्रमाण उसळलं, कारण भागाकारातला छेद, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न, घसरला आणि बेकारभत्ता आपोआप वाढला. वर्तमानपत्रात "खर्चाचा विक्रम" वाचाल तेव्हा आधी हा छेद तपासायचा.

राजकारण यात शिरतं ते नियमांच्या बारीक अक्षरातून. ब्रिटनचं उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी देतो. 1980 साली थॅचर सरकारने मूळ सरकारी पेन्शनची वार्षिक वाढ पगारवाढीपासून सोडवून केवळ महागाईशी बांधली. कोणाचंही पेन्शन एका पेनीने कापलं नाही. म्हातारे रस्त्यावर उतरावेत असं काही घडलंच नाही. पण पगार महागाईपेक्षा वेगाने वाढत होते, त्यामुळे 1979 साली सरासरी पगाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढं असलेलं हे पेन्शन तीसेक वर्षांत सहाव्या हिश्श्याच्या आसपास आलं. मग 2010मध्ये आलेल्या आघाडी सरकारने उलटा नियम केला: महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के, यांत जे जास्त असेल तेवढी वाढ. आता तिथल्या अर्थखात्याची डोकेदुखी हा नियम आहे, कारण तीनपैकी कोणतंही एक कारण वर गेलं की खर्च वर जातो आणि पुन्हा खाली येत नाही. एका कलमातला एक शब्द, आणि पन्नास वर्षांचा आलेख बदलतो.

आता दुसरा प्रश्न, समतेचा.

स्वीडनमधल्या एका साध्या पगारचिठ्ठीकडे पाहा. महिना 40,000 क्रोना (तिथलं चलन) पगार. एखाद्या अनुभवी नर्सचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा असावा तेवढा. या रकमेवर मालक स्वतःच्या खिशातून आणखी 31.42 टक्के सरकारला भरतो: पेन्शन, आजारपण, पालकत्वाची रजा, कामावरचा अपघात यांसाठी. हा आकडा चिठ्ठीवर ठळक नसतो, पण त्या माणसाचा खरा खर्च मालकाला 52,500 क्रोनांहून जास्त पडतो. मग 40,000 मधून नगरपालिका आणि प्रांत यांचा कर कापला जातो, सरासरी 32 टक्क्यांच्या आसपास. नोकरी करणाऱ्यांना त्यात थोडी सूट मिळते, म्हणून हातात साधारण 31 हजार पडतात. केंद्र सरकारचा 20 टक्क्यांचा जादा कर त्याला लागतच नाही, तो त्याहून बऱ्याच वरच्या पगारांवर आहे. हातात आलेल्या पैशातून खुर्ची घेतली, कपडे घेतले, केस कापून घेतले की 25 टक्के मूल्यवर्धित कर. डेन्मार्क आणि नॉर्वेतही हा दर 25च. अमेरिकेत असा राष्ट्रीय करच नाही, राज्यांचे विक्रीकर आहेत तेवढेच.

गंमत अशी, की घराघरांवरच्या करांचा भार श्रीमंतांवर किती जास्त पडतो असं मोजलं, तर श्रीमंत देशांत अमेरिकेची कररचना सर्वांत चढत्या श्रेणीच्या रचनांपैकी एक ठरते. ओईसीडीनेच हे 2008 साली दाखवलं. स्वीडनची रचना त्या मानाने सपाट आहे. पण सपाट आणि रुंद. पैसा गोळा होतो तो सगळ्यांकडून, आणि म्हणून भरपूर होतो.

आणि त्या नर्सला त्यातून काय दिसतं? मूल झालं की आईवडील दोघांत मिळून 480 दिवसांची रजा. त्यातल्या 390 दिवसांचा भत्ता पगाराच्या साधारण 80 टक्के, एका कमाल मर्यादेपर्यंत, आणि 90-90 दिवस आई व बाप प्रत्येकासाठी राखीव. दर मुलामागे महिना 1,250 क्रोना, कारखानदाराच्या मुलाला आणि झाडूवाल्याच्या मुलाला सारखेच. हा भत्ता 1948 पासून आहे. पाळणाघराच्या फीला 2002 पासून कमाल मर्यादा. मूल तापाने फणफणलं तर त्याच्यासाठी घरी थांबण्याचा भत्ता वेगळा, आणि तो घेण्याला त्यांच्याकडे क्रियापदच आहे, "वाब" करणं; फेब्रुवारीत सगळीच मुलं आजारी पडतात म्हणून त्या महिन्याला लोक थट्टेने "वाब्रुवारी" म्हणतात. यात "गरिबांसाठी" असं काहीच नाही. तरीही शेवटी समता येते, कारण सपाट टक्केवारीने कर घेऊन समान रक्कम परत दिली की गणिताने श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा जातोच. दहा हजारांचे तीस टक्के तीन हजार, लाखाचे तीस हजार. परत दोघांना सारखंच.

वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश समाजशास्त्रज्ञांनी 1998 साली याला पुनर्वाटपाचा विरोधाभास म्हटलं: मदत जितकी फक्त गरिबांवर रोखलेली, तितकं एकूण पुनर्वाटप कमी. कारण फक्त गरिबांसाठीच्या योजनेला पैसा मंजूर करणारे लोक तिच्या बाहेर असतात. नंतरच्या अभ्यासांत, जास्त देश आणि अलीकडची वर्षं घेतल्यावर, हा संबंध तितका घट्ट राहिला नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलिया मदत फार काटेकोरपणे गरिबांवर रोखते आणि तरी बरंच साधते. पण राजकारणाचा भाग, म्हणजे मध्यमवर्ग आत असेल तर योजना टिकते हा, मला कामात वारंवार खरा ठरताना दिसला.

आपल्या पगारचिठ्ठीतला एक आकडा इथे आठवतो. महाराष्ट्रात नोकरदाराच्या पगारातून महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 असा व्यवसाय कर कापला जातो. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी, वि. स. पागे यांनी मांडलेल्या त्या योजनेला शहरी नोकरदाराने हातभार लावावा म्हणून. कल्पना उत्तमच होती. पण हा कर कशासाठी कापतात, असं पुण्या-मुंबईच्या कोणत्याही कार्यालयात विचारून पाहा. भरणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मध्ये दोघांना जोडणारं काही नाही. स्वीडनमध्ये भरणारा आणि घेणारा आयुष्यभरात बहुतांशी एकच माणूस असतो.

ही रचना स्वीडिश लोकांच्या स्वभावातून उगवलेली नाही. ती सौदेबाजीतून आली, आणि सौदे चांगलेच रोकडे होते. 1930च्या मंदीत तिथला समाजवादी पक्ष एकट्याच्या बळावर बहुमतात नव्हता. पेर अल्बिन हान्सोन 1932 साली पंतप्रधान झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शेतकरी पक्षाशी व्यवहार केला: बेकारांना सार्वजनिक कामं बाजारभावाच्या मजुरीने द्यायची, बदल्यात शेतमालाला, विशेषतः दूधदुभत्याला, भावाचं संरक्षण. त्याला "गाईंचा सौदा" म्हटलं गेलं, ते नाव इतिहासात टिकलं. डेन्मार्कमध्ये असाच करार 30 जानेवारी 1933 रोजी पंतप्रधान थोर्वाल्ड स्टाउनिंग यांच्या घरी झाला: चलनाचं अवमूल्यन शेतकऱ्यांसाठी, सामाजिक सुधारणा कामगारांसाठी. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. तेच संकट, तीच तारीख. शेतकरी आणि कामगार एका बाजूला आले की योजना फक्त कारखान्यातल्या मजुरापुरती राहत नाही. शेतकऱ्याला पगार नसतो, मालक नसतो, म्हणून त्याला सामावून घेणारी योजना करातूनच चालवावी लागते आणि सगळ्यांसाठीच ठेवावी लागते.

जर्मनीत पाया वेगळा पडला. चॅन्सेलर बिस्मार्कने 1883 साली आजारपणाचा, 1884 साली अपघाताचा आणि 1889 साली म्हातारपणाचा विमा आणला तो समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घेण्यासाठी, आणि व्यवसायवार: कामगारांची सोय वेगळी, पुढे पांढरपेशांची वेगळी, सरकारी अधिकाऱ्यांची तर पूर्णच वेगळी. जो जिथे आहे तिथेच त्याला सुरक्षित ठेवायचं. जर्मनी, फ्रान्स, इटली खर्च भरपूर करतात पण समतेत नॉर्डिक देशांच्या मागे का, याचं मूळ इथे आहे. गोस्टा एस्पिंग-अँडरसन या समाजशास्त्रज्ञांनी 1990 साली श्रीमंत देशांचे जे तीन गट पाडले, त्यांत हा अमेरिकेसारख्या आणि नॉर्डिक देशांच्या मधला.

स्वीडनमधला निर्णायक सौदा मात्र 1959चा. तोवर सगळ्यांना सारखं पण तुटपुंजं पेन्शन होतं. कारकून, इंजिनिअर, व्यवस्थापक यांना मालकांकडून खासगी पेन्शन मिळे, कामगारांना नाही. म्हणजे मध्यमवर्ग हळूहळू बाहेर सरकत होता. समाजवाद्यांनी पगाराशी जोडलेलं सक्तीचं सरकारी पेन्शन मांडलं. त्यावर 1957 साली सार्वमत झालं, सरकार पडलं, निवडणूक झाली आणि शेवटी संसदेत तो कायदा 115 विरुद्ध 114 मतांनी पास झाला. तुरे कोनिग्सोन नावाचे उदारमतवादी पक्षाचे एक खासदार, स्वतः कामगार वर्गातले, मतदानाला तटस्थ राहिले म्हणून. पक्षाने त्यांना त्याची किंमत मोजायला लावली. पण त्या एका मताने कारकून आणि कामगार एकाच पेन्शनच्या खात्यात आले. जास्त पगाराला जास्त पेन्शन, म्हणजे दिसायला असमान; पण त्यामुळे पांढरपेशे आत राहिले. 1968च्या निवडणुकीत समाजवाद्यांना 50.1 टक्के मतं मिळाली त्यात या मतदारांचा वाटा मोठा होता.

अमेरिकेने त्याच काळात मध्यमवर्गाला दुसऱ्या दाराने सुरक्षा दिली. 1935च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेकडच्या राज्यांच्या दबावाने वगळले, की अशा मजुरांकडून हप्ता गोळा करणं अवघड म्हणून, यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणामात वाद नाही, कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य त्या कायद्याबाहेर राहिले. ते आत येऊ लागले 1950च्या आणि 1954च्या दुरुस्त्यांनंतर. आरोग्याचं आणखी वेगळं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगार गोठवले, पण विम्यासारख्या सवलतींवर बंदी नव्हती, म्हणून कंपन्या कामगार ओढायला आरोग्यविमा देऊ लागल्या. 1954च्या करकायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली. युद्धकाळातली एक तात्पुरती पळवाट देशाची आरोग्यव्यवस्था होऊन बसली. ज्याला चांगली नोकरी आहे त्याला विमा आहे, आणि त्यामागे सरकारचा पैसा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. मग राष्ट्रीय विम्यासाठी तो कशाला झगडेल?

1965 साली उरलेल्यांसाठी दोन योजना आल्या. मेडिकेअर 65 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी, मेडिकेड गरिबांसाठी. एकाच वर्षी, एकाच कायद्यात जन्मलेल्या या दोन योजनांचं पुढचं नशीब पाहा. मेडिकेअरला हात लावायची कोणत्याही पक्षाची छाती होत नाही. सोशल सिक्युरिटीचं अंशतः खासगीकरण करायला 2005 साली बुश निघाले आणि स्वतःच्या पक्षाचं बहुमत असूनही हात हलवत परत आले. मेडिकेड मात्र राज्याराज्यांत वेगळं. 2010च्या कायद्याने त्याचा विस्तार करायला केंद्र सरकार जवळजवळ सगळा पैसा देतं, तरी दहा राज्यांनी तो अजून घेतलेला नाही. लोक तेच, संस्कृती तीच, देश तोच. फरक एवढाच, की एका योजनेत मतदाराला स्वतःची आई दिसते आणि दुसरीत कोणीतरी परका.

याचं ताजं उदाहरण मुलांच्या करसवलतीचं. 2021 साली कोविडच्या मदतीत ती वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला 3,600 डॉलर आणि मोठ्यांमागे 3,000 केली, जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात जमा होऊ लागली, आणि मुख्य म्हणजे आयकर भरण्याइतकंही उत्पन्न नसलेल्या घरांना पूर्ण मिळाली. सरकारी मदत धरून मोजणाऱ्या जनगणना विभागाच्या मापाने बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर आलं, नोंद असलेल्या काळातलं सर्वांत कमी. ही सवलत पुढे चालू ठेवायला, सिनेटमध्ये दोन्ही बाजू 50-50 असताना, एक मत कमी पडलं, आणि पुढच्याच वर्षी आकडा 12.4 टक्के झाला. तिकडे 115 विरुद्ध 114, इकडे एक मत उणं. अशा वेळी मला "राष्ट्राची वृत्ती" हे स्पष्टीकरण फार मोठं वाटतं. सहा महिन्यांत कोणालाही सवय लागली नव्हती, ती योजना आपली वाटायला वेळच मिळाला नाही, हे जास्त खरं असावं.

आतापर्यंत मी करांबद्दल बोललो, पण स्वीडनमधली बरीच समता कर लागण्याआधीच तयार होते, पगाराच्या वाटाघाटीत. तिथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही. गोस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या कामगार महासंघाच्या दोन अर्थतज्ज्ञांनी 1951 साली धोरण मांडलं: समान कामाला समान मजुरी, मग कंपनीला परवडो वा न परवडो. कमकुवत कंपन्या बुडाल्या तर बुडू द्या, सरकार कामगारांना नवं काम शिकवेल आणि दुसऱ्या गावी हलायला पैसे देईल. फायद्यातल्या कंपन्यांना हे आवडलं, कारण त्यांना मजुरी त्यांच्या ऐपतीपेक्षा कमी पडत होती. समाजवादी धोरण म्हणून जगभर गाजलेली ही गोष्ट प्रत्यक्षात दुबळ्या उद्योगांना निर्दयपणे बंद पाडणारी होती. आजही तिथे दर तीन कामगारांमागे दोन संघटनेत आहेत; अमेरिकेत दहामागे एक. आणि संघटना टिकण्यामागेही एक रुक्ष नियम आहे: बेकारीचा विमा संघटनांशी जोडलेल्या निधींमार्फत चालतो. 2007च्या सुरुवातीला नव्या सरकारने या निधींची वर्गणी वाढवली आणि दोन वर्षांत सभासदत्व 77 वरून 71 टक्क्यांवर घसरलं. कामगार एकजूट वगैरे सगळं खरं, पण वर्गणी परवडायला लागते.

स्त्रियांच्या नोकरीबद्दल थोडक्यात. स्वीडनने 1971 साली नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा केला. जर्मनीत 1958 पासून दोघांचं उत्पन्न एकत्र करून अर्धं-अर्धं धरतात, त्यामुळे कमी कमावणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा बायकोच्या, पहिल्या पगारावरच जड कर पडतो. एका देशात पाळणाघरं भरली, दुसऱ्यात बायका अर्धवेळ कामात अडकल्या. घरात दोन पगार आले की गरिबीचा धोका कसा कोसळतो, हे आमच्या तक्त्यांत एखाद्या भत्त्यापेक्षा ठळक दिसतं.

स्वीडनला देव्हाऱ्यात बसवू नका. सप्टेंबर 1992 मध्ये क्रोना वाचवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने अल्पमुदतीचा व्याजदर 500 टक्के केला होता. अर्थव्यवस्था सलग तीन वर्षं आकसली, आणि 1959चं पेन्शन पुढच्या पिढीला झेपणार नाही हे उघड झालं. मग पाच पक्षांनी मिळून नवी रचना आणली: पगाराच्या 18.5 टक्के हप्ता, तुमच्या नावावर कागदोपत्री खातं, आयुर्मान वाढलं की मासिक रक्कम आपोआप कमी, आणि हिशेब बिघडला की आपोआप लागणारा ब्रेक. तो ब्रेक 2010 साली खरंच लागला. दरवर्षी नारिंगी लिफाफ्यातून प्रत्येकाला त्याचा हिशेब येऊ लागला. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही रचना देखणी वाटते. पण कमी पगारावर, खंड पडलेल्या नोकऱ्यांवर आयुष्य काढलेल्या बाईच्या लिफाफ्यात जो आकडा असतो, तो देखणा नसतो.

संपत्तीच्या बाबतीत तर स्वीडन चक्क विषम आहे. वारसा कर 2004च्या अखेरीस रद्द झाला, तोही समाजवादी सरकारच्या काळात. संपत्ती कर 2007 साली गेला. भांडवल देश सोडून जातं ही भीती खोटी नव्हती, आयकियाचे इंगवार काम्प्राड 1973 सालीच गेले होते. याला दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजूही आहे: पेन्शन, दवाखाना आणि शिक्षण सरकारकडे असेल तर साध्या कुटुंबाला फार साठवावं लागत नाही. म्हणून त्याची नोंदलेली संपत्ती थोडी दिसते. विषमतेचा आकडा त्यामुळेही फुगतो. उत्पन्नातली विषमताही 1980च्या दशकातल्या पातळीपेक्षा बरीच वर गेली आहे, मुख्यतः भांडवली उत्पन्नामुळे.

राहिला वृत्तीचा मुद्दा. अल्बेर्तो अलेसिना आणि एडवर्ड ग्लेझर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिका आणि युरोप यांच्यातल्या फरकाची दोन कारणं पुढे केली: वांशिक विविधता, आणि राजकीय संस्था, म्हणजे सिनेटसारखे अडसर आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा (मतांच्या प्रमाणात जागांचा) अभाव. पहिलं कारण नाकारता येत नाही. डेन्मार्कनेच 2002 साली नव्याने आलेल्यांसाठी कमी दराचा वेगळा भत्ता सुरू केला. "आपले" आणि "परके" अशी रेघ तिथेही आखली गेली. पण कॅनडाही स्थलांतरितांचाच देश आहे, आणि तिथे सस्कॅचेवान प्रांताने 1962 साली सगळ्यांसाठी आरोग्यविमा सुरू केला, 1966च्या कायद्याने तो देशभर पसरला. सगळे आधीच आत असलेल्या योजनेत नवा माणूस येतो तेव्हा त्याच्यासाठी वेगळी रांग लावावी लागत नाही. अमेरिकेत रांगा आधीपासूनच वेगळ्या होत्या.

सध्या या विषयात माझं लक्ष डेन्मार्कवर आहे. तिथे निवृत्तीचं वय आयुर्मानाशी जोडलेलं आहे, आणि मे 2025 मध्ये संसदेने ते 2040 पासून 70 करायचा कायदा केला. हिशेबाने अगदी बरोबर. पण आयुर्मान सरासरीत वाढतं, आणि ते प्राध्यापकाचं गवंड्यापेक्षा जास्त वाढतं. सोळाव्या वर्षी विटा वाहायला लागलेला माणूस सत्तराव्या वर्षापर्यंत कर भरतो आणि थोडीच वर्षं पेन्शन घेतो. तिसाव्या वर्षी नोकरीला लागलेला कमी वर्षं भरतो आणि जास्त वर्षं घेतो. सरकारने 2022 पासून, लवकर कामाला लागलेल्यांसाठी लवकर निवृत्तीची वेगळी सोय केली. प्रचारात पुढे आलेल्या बिअर कारखान्यातल्या एका कामगाराच्या नावाने लोक तिला "आर्ने पेन्शन" म्हणतात. तिच्या अटी कडक आहेत आणि रक्कम बेताची. 2024 साली पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी म्हटलं की दर पाच वर्षांनी वय आपोआप वाढवत नेणं यापुढे चालणार नाही. त्याच्या जागी कोणता नियम येतो, आणि तो सगळ्यांसाठी एकच असतो की व्यवसायवार वेगळा, यावर तिथला गवंडी आणि प्राध्यापक एकाच योजनेत राहतात का ते ठरेल.